पहिली निवड इंदापूरची

आमचे घरमालक आबा कुणावर जळायला लागले, की त्यांच्या डाव्या भुवईतून पीठ गळायचं. थट्टा नाही करत. बारामतीत कालव्याच्या अलीकडे त्यांची पिठाची गिरणी होती. दिवसभर त्या धुरळ्यात उभं राहून त्यांच्या मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर, भुवयांवर ज्वारीचा पांढरा थर बसलेला असायचा. एरवी तो जागच्या जागी राही. पण दळण घेऊन आलेल्या कुणी सहज सांगितलं, की अमक्यानं नवी मोटारसायकल काढली, की आबांची डावी भुवई हळूहळू वर सरकायची, कपाळाच्या मध्यावर जाऊन थांबायची आणि तिथून एक बारीक पांढरी धार गालावर उतरायची. मग आबा म्हणायचे, "काढू द्या की. आपल्याला कुणाचं कायबी वाटत न्हाय."

जळतात तसे सगळेच. मीही जळतो. माझ्यानंतर शाळेत लागलेल्या चित्रकलेच्या सरांनी माझ्या आधी स्कूटर घेतली, तेव्हा मी आठवडाभर खाणावळीत आमटीवरून भांडत होतो. पण तुमचं-आमचं जळणं ओल्या लाकडाचं. नुसता धूर, आणि डोळे आपलेच चुरचुरणार. आबांचं जळणं म्हणजे दिवाळीतला भुईनळा. लांब उभं राहून बघावं आणि विझला की हळहळावं. त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी भाडेकरू म्हणून आलो आणि पहिल्याच आठवड्यात ओळखलं, की आपल्या करमणुकीची सोय झाली.

आबांच्या जळण्याला एक कायमचा पत्ता होता. इंदापूर.

आबांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंची, थोरली बहीण इंदापुरात दिलेली. तिचा नवरा हा आबांचा साडू. डाळिंबाची बाग, दारात जीप, पांढराशुभ्र सदरा आणि कुठल्याही गोष्टीवर पोट हलवून हसायची सवय. आबा या माणसाचं नाव कधी घेत नसत. "इंदापूर आलतं का गं?" असं ते काकूंना विचारत. "इंदापूरनं विहिरीवर नवी मोटर बसवली म्हनं." "इंदापूरचं पोट सुटलंय." मी भूगोलाचा मास्तर. तालुक्याच्या गावाला पोट कसं सुटतं हे कळायला मला जरा वेळ लागला.

इंदापूरनं रंगीत टीव्ही घेतला, त्याच आठवड्यात आबांच्या छपरावर अँटेना उभा राहिला. टीव्ही नव्हता. टीव्ही पुढं पावसाळा संपल्यावर आला. पण अँटेना इंदापूरच्या अँटेन्यापेक्षा एक पाईप उंच होता, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला बाहेरून अँटेनाच दिसतो, असा आबांचा विचार. तो सगळा पावसाळा अँटेन्यावर ओले कावळे बसून राहिले. आबा खालून त्यांच्याकडं कौतुकानं बघत.

इंदापूरच्या पित्ताशयात खडा निघाला, तेव्हाची तऱ्हा तर न्यारीच. साडूला ऑपरेशनला पुण्याला नेलं. सगळा गोतावळा शहाळी घेऊन भेटायला जाऊन आला. आबाही गेले. परत आले ते घरी न येता थेट आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडं. "जरा नीट बघा की. आपल्याबी पोटात कायतरी हाय." डॉक्टरांनी इकडून दाबलं, तिकडून दाबलं. काही नव्हतं. उठता उठता आबा म्हणाले, "तुमाला हितं कसं दिसनार? त्याला पुन्याचं मशीन लागतं."

एकदा मी काकूंना विचारलं, "आबांचं आणि इंदापूरकरांचं काही भांडण आहे का हो?"

काकू तांदूळ निवडत होत्या. "भांडन कसलं? ताईला बघायला ह्येच गेलं हुतं आधी. ताई म्हनली, ह्या मानसाच्या भुवया लई मोठ्या. मग मला दिली." मग ताटातला एक खडा खिडकीतून बाहेर भिरकावत म्हणाल्या, "मला आवडल्या हुत्या भुवया."

एकाच बाबतीत इंदापूर मागं होतं. कुत्र्याच्या.

आबांकडं कारवान जातीची कुत्री होती. तिचं नाव हरणी. लोणी भापकरच्या एका धनगराकडून तिला अगदी लहान असताना आणलेली. निमुळतं लांब तोंड, खोल छाती, दोन हातांच्या ओंजळीत मावेल अशी कंबर, वेताच्या छडीसारखी शेपूट. कारवान ही आपल्याकडची पळणारी जात. आमच्या भागात ज्याच्या दारात अस्सल कारवान आहे, तो माणूस एसटीच्या थांब्यावरसुद्धा जरा रेलून उभा राहतो. संध्याकाळी आबा तिला कालव्याच्या रस्त्यानं फिरवायला काढत. खरं तर फिरवायची तीच. आबा नवरीमागं पाठराखीण चालावी तसे मागून. कुणी म्हणालं, "आबा, अस्सल हाय हो!" की ते ऐकलंच नाही असं दाखवत आणि चार पावलं मागं येऊन विचारत, "काय म्हनला?"

आणि मग इंदापूरनं सुलतान आणला. काळाभोर, उंच, मानेला बाक असलेला कारवान. एका जत्रेतल्या शर्यतीत मोटारसायकलच्या मागं बांधलेल्या कातड्यामागं तो असा पळाला म्हणतात, की मोटारसायकलवाल्यानंच वळून बघितलं आणि तो बांधावर चढला. सुलतानला ढाल मिळाली. "पत्र्याची हाय," आबा म्हणाले. पण त्या संध्याकाळी ते हरणीला फिरवायला गेले नाहीत.

त्याच हिवाळ्यात हरणी माजावर आली आणि आबा पेचात पडले. तिच्या तोलाचा नर शोधत ते मला मागं बसवून लुनावरून गावंच्या गावं हिंडले. एकाची छाती उथळ. भिगवणला एक पाहिला, तो धरणाच्या पाण्याकाठी मासे खाऊन खाऊन गोल झालेला. "हे कुत्रं हाय का चेअरमन?" आबा म्हणाले. नरसिंहपूरला एक खरोखर चांगला होता. आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, तेवढ्यात त्याचा मालक म्हणाला, "आवो पाव्हणं, इंदापुरात सुलतान असताना तुमी एवढ्या लांब कशाला आला?" आबांनी तिथल्या तिथं लुना वळवली.

"आता नाकानं कांदं सोलू नका," काकू म्हणाल्या. "ताईकडं न्या तिला."

पेंडीच्या टेंपोतून आम्ही इंदापूरला गेलो. रविवार होता, आणि नसता तरी मी रजा टाकली असती. आबा नवी टोपी घालून हरणीला मांडीशी धरून बसले होते. लासुर्णे गेलं, निमगाव केतकी गेलं, आबांची भुवई आपली वरच. इंदापूरनं दारातच मिठी मारली. बसायला गादी, हातात पाणी, ताटात मटण, वर आग्रह. आबांना कुणी शिव्या दिल्या असत्या तर ते सुखानं जेवले असते. या पाहुणचारात त्यांचा घास फिरत होता.

जेवणं झाल्यावर सुलतानला बाहेर आणलं. आबांनी त्याच्याकडं एकदाच पाहिलं. अशा नजरेनं मी माणसाला कुत्र्याकडं बघताना पाहिलेलं नाही. लग्न ठरलेल्या मुलीकडं बघतात ना लोक चोरून, तसं काहीसं. मग ते डाळिंबांकडं बघत बसले.

काम झालं. चहा आला. इंदापूर बशी फुंकत म्हणालं, "आबासाहेब, रिवाज म्हाईत हाय न्हवं?"

"कसला रिवाज?"

"आता असं का करताय? कुत्रं ज्याचं, पैली निवड त्याची. पिल्लं महिना-सव्वा महिन्याची झाली की मी येतो. त्यातलं एक माझं. मला पसंत पडंल ते."

कारवानवाल्यांची ही जुनी रीत. नराचे पैसे कुणी घेत नाही. नराचा मालक येतो, सगळ्यांत आधी आपल्या पसंतीचं पिल्लू उचलतो, आणि त्याला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणाऱ्याच्या कुत्रीला पुन्हा कुणी आपला नर देत नाही. आबांना हे पाठ होतं. पण त्या तोंडून ते ऐकणं निराळं.

"न्या की," आबा म्हणाले. "आपल्याला कुणाचं..." पुढचं चहाबरोबर गेलं.

हरणीचे दिवस अजून सरले नव्हते, म्हणून परत आल्यावर तिला गिरणीमागच्या गोदामात कोंडून ठेवलं. आता इथं आणखी एका कुत्र्याची ओळख करून देतो. गिरणीसमोर चहाची टपरी होती आणि टपरीवर तांबड्या नावाचा गावठी कुत्रा. बिनकामाचा, सदा खूश, पुढचे दोन्ही पंजे पांढरे, मळलेले मोजे घातल्यासारखे. बाजाराच्या दिवशी गिरणीत झुंबड होती, गोदामातून पोती काढली जात होती, आणि कुणीतरी दार ओढायला विसरलं. मी शाळेतून आलो तर दार फटभर उघडं. आत डोकावलो. तांबड्या पोत्यांवर पाय ताणून झोपलेला. हरणी कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून बसलेली.

मी आबांना बोलावलं. आबांनी फावड्याच्या दांड्यानं तांबड्याला बाहेर काढलं, दार लावलं, कडी घातली आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, ती त्याच्याकडं ढुंकून बघायची न्हाय. खानदान असतं." तेव्हा त्यांच्या मनात तिळाइतकीही शंका नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. विषय तिथंच संपला.

दिवस भरले आणि हरणीला सहा पिल्लं झाली. त्यातला एक नर बदामी रंगाचा. बाकीची पिल्लं ढिगात झोपून राहत. हा मात्र लटपटत बाहेर यायचा आणि गिरणीच्या पट्ट्याचा वारा जिथं लागतो तिथं तोंड वर करून बसायचा. आबांनी त्याचं नाव सरदार ठेवलं. बाकीच्यांना नावं नव्हती. आबा दळण टाकता टाकता सरदारशी बोलत. गिऱ्हाइकांना वाटे आपल्याशीच बोलतायत. "खाल्लं का? झोप झाली का?" असं त्यांनी एका हेडबाईंना विचारलं तेव्हा त्या डबा तिथंच ठेवून घरी गेल्या.

पिल्लांचे डोळे उघडले, पाय सुटले, आणि आबांची झोप उडाली. कारण इंदापूर येणार होतं, आणि इंदापूरला नजर होती. ते सरदारलाच उचलणार.

एके दिवशी सकाळीच आबा माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं.

"मास्तर, एक शंका काढली तर?"

"कसली शंका?"

"पिल्लांवर. त्या तांबड्याची." मग आणखी खालच्या आवाजात, "इंदापूर लई मानी हाय. शंकेचं पिल्लू दारात बांधायचं न्हाय ते."

"पण आबा, हरणीची बदनामी होईल त्यात."

"तिला कोन सांगतंय?"

त्याच दुपारी आबांनी एका बाईच्या डब्यात पीठ भरता भरता एक सुस्कारा सोडला. "पिल्लं ग्वाड हायती. पन वैनी, एकदा गोदामाचं दार उघडं ऱ्हायलं हुतं. आता देव जाने." एवढंच. गिरणीत बोललेलं वाक्य दळणाच्या आधी घरी पोचतं. संध्याकाळी ते मंडईत होतं, दुसऱ्या दिवशी एसटीत बसलं आणि इंदापूरला उतरलं.

आणि मग जाणकार यायला लागले. गावात इतके कुत्र्यांचे जाणकार आहेत हे कुणाला माहीत नव्हतं. एक म्हातारा धनगर आला. त्यानं प्रत्येक पिल्लाचं तोंड हुंगलं आणि सांगितलं, की अस्सल कारवानाच्या तोंडाला दुधाचासुद्धा वास येत नाही. एकजण शेपट्या पायांतून पुढं ओढून पोटाला लावून बघत होता, टोक बेंबीला पोचतं का. निवृत्त हवालदार आले. ते म्हणाले, "मागं टाळी वाजवायची. गावठी कुत्रं टाळीकडं बघतं. अस्सल असंल ते लांब बघतं." त्यांनी टाळी वाजवली. पिल्लानं लांबही बघितलं नाही, जवळही बघितलं नाही, जागेवरच मुतलं. "हे संशयास्पद हाय," हवालदार म्हणाले आणि मान हलवत निघून गेले.

सहापैकी एक पिल्लू मला कबूल झालं होतं. शाळेत चित्रकलेचे सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऐकलं मी. गावठी कुत्रीसुद्धा राखण चांगली करतात हो." त्यांची स्कूटर मागंच उभी होती.

सुरुवातीला आबा खूश. काकूंना म्हणाले, "बघ, कसं पेटलंय." मग हळूहळू त्यांना ते टोचायला लागलं. सरदार धरून तिघांचे पुढचे पंजे पांढरे होते. कारवानात असे पंजे असतात, आबांना ते माहीत होतं, हरणीच्या आईलाही होते म्हणे. पण आता जो येई तो आधी पंजेच उचलून बघायचा. "पीठ हाय ते!" आबा ओरडायचे. मग कुणी नाही असं बघून त्यांनी सरदारचे पंजे ओल्या फडक्यानं पुसून पाहिले. मी जिन्यावरून बघत होतो. त्यांनी दोनदा पुसले.

टपरीवाल्यानं तर कहर केला. आबा चहाला गेले, तर भरल्या टपरीत तो म्हणाला, "या, या, आबा! बसायला द्या रं त्यास्नी. आता व्याही म्हनायचं का तुमाला?"

सगळी टपरी हसली. तांबड्यानंही शेपूट हलवली. आबांची भुवई वर गेली, पण पीठ काही गळलं नाही. घामानं चिकटून बसलं होतं. त्यांनी चहा घेतला नाही, आणि पुढं कितीतरी दिवस त्या टपरीची पायरी चढले नाहीत.

त्यानंतर आबा गिरणीच्या दारात उभे राहून तांबड्याकडं टक लावून बघायला लागले.

"मास्तर, तो जांभई देतो तवा जीभ कडंला वळती. सरदारचीबी वळती."

"आबा, सगळ्याच कुत्र्यांची वळते."

"सुलतानची वळती का?"

"मी सुलतानला जांभई देताना पाहिलं नाही."

"हितंच तर घोळ हाय," आबा म्हणाले.

आता या माणसाची अवस्था बघा. शंका त्यांनीच काढलेली, गावात त्यांनीच सोडलेली. ती सगळीकडं फिरून त्यांच्याच घरी वस्तीला आली होती. हरणीला फिरवायचा रस्ता त्यांनी बदलला. फिरताना तिच्याशी बोलेनात. इतके दिवस सुलतानवर जळलेले आबा आता सुलतानच्या वतीनं जळत होते, आणि तेही कुणावर, तर ज्याच्या गळ्यात साधा पट्टासुद्धा नव्हता अशा तांबड्यावर. तांबड्या त्यांना बघितलं की प्रेमानं उठून उभा राहायचा.

रविवारी इंदापूर येणार असा निरोप आला. रविवारी आबा सकाळीच टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माडीवर आले. टॉवेलातून बदामी नाक बाहेर आलं.

"ह्याला हितं ठेवा. पाचच झाली म्हनून सांगू."

"पण आबा, तो शंकेचं पिल्लू नेणारच नाही ना? मग लपवायचं कशाला?"

"शंका शंकेच्या जागी, माडी माडीच्या जागी." ते दारापर्यंत जाऊन परत आले. "रडला तर दुधात बोट बुडवून चोखायला द्या. वाटीतनं पीत न्हाय. तशी सवय माझ्याच बोटाची हाय त्याला. पन बघा."

जीप आली. मी सरदारला मांडीवर घेऊन जिन्याच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर बसलो. तिथून अंगण पुरं दिसायचं.

इंदापूरनं पाची पिल्लं बघितली. उचलून नाही, उभ्या उभ्या, हात मागं बांधून. मग आबांच्या खांद्यावर थोपटलं. "ऱ्हाऊ द्या, आबासाहेब."

"म्हंजी?"

"न्हाय, कानावर आलं आमच्या. शंकेचं काम हाय म्हनत्यात. आमाला नको. ठेवा समदी तुमालाच."

झालं! आबा जिंकले होते. जे पाहिजे होतं ते साडूच्या तोंडून, काकूंच्या देखत, मागावंही न लागता मिळालं होतं. सरदार त्यांचा. फक्त 'बरं' म्हणायचं आणि चहा मागवायचा.

आबांची भुवई चढायला लागली. कपाळाच्या मध्यावर थांबली नाही. टोपीखाली गेली.

"शंका?" आबा म्हणाले. "कुनावर शंका? माझ्या हरणीवर?"

"आवो, तुमीच म्हनलात म्हनं गिरणीत..."

"मी म्हनीन! घरचा मानूस हजार येळा म्हनंल! तुमी कोन म्हननार?"

"बरं, बरं. चिडू नका. कुत्र्याच्या जातीला काय, हुतं असं कवातरी..."

"हुतं असं?" आबांनी एक पिल्लू उचललं आणि साडूच्या नाकापुढं धरलं. "छाती बघा ही! काय वाईट हाय हिच्यात?"

"छाती बरी हाय," इंदापूर म्हणालं. "कान जरा जाड वाटतो."

आबांनी दुसरं उचललं. त्याचं तोंड आखूड निघालं. तिसऱ्याचे पंजे पांढरे. चौथ्याकडं बघून इंदापूर नुसतंच "च्" म्हणालं. पाचव्याला आबांनी हातच लावला नाही. ते अंगणाच्या मधोमध उभे होते आणि मानेपासून वर लाल होत होते.

"अहो, जाऊ द्या," काकू म्हणाल्या. "चहा टाकते."

"चहा नगं!" आबा माडीकडं वळून गरजले, "मास्तर! सरदारला खाली आना!"

मी जागचा हललो नाही. मला वाटलं, आता भानावर येतील. "ऐकू येत न्हाय का? आना म्हनतो!"

मी उतरलो. आबांनी सरदारला माझ्या हातातून घेतलं आणि उन्हात वर धरलं. सरदारनं जांभई दिली नाही, मुतलाही नाही. मान वर करून कालव्यापलीकडं कुठंतरी लांब बघत राहिला. हवालदारांनी बघायला पाहिजे होतं.

इंदापूर हसायचं थांबलं. मग घसा खाकरून म्हणालं, "हं. ह्यो... बरा हाय. पन शेपूट जरा..."

"शेपूट?" आबांनी सरदारला साडूच्या छातीवर ठेवला, दोन्ही हातांनी, देवाला नारळ वाहावा तसा. "न्या! दारात बांधा! एक वरीस झालं की पळवा आन् मग हितं येऊन शेपटीचं बोला! न्या म्हनतो न्हवं?"

"आता तुमी एवढं म्हनताय तर..." इंदापूर नाइलाजानं म्हणालं. सदऱ्यावर पिल्लाचे केस लागू नयेत म्हणून त्यानं सरदारला जरा लांब धरलं होतं.

मी जीपपर्यंत सोडायला गेलो. त्यानं मागचं दार उघडलं. आत एक नवी टोपली होती, टोपलीत मऊ गोधडी घडी घालून ठेवलेली, आणि गोधडीवर पिल्लाच्या मापाचा चामड्याचा लाल पट्टा. मी टोपलीकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं बघितलं. पोट हलायला लागलं.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "लग्नापासनं वळखतो मी ह्या मानसाला."

जीप गेली. धुरळा खाली बसला. आबा छाती काढून अंगणात येरझाऱ्या घालत होते. "जिरवली का न्हाय? आँ? माझ्या हरणीवर शंका घेतो! गुमान घेऊन गेलं का न्हाय इंदापूर?"

"जिरवली," काकू म्हणाल्या. "आन् आता सरदार कुठाय?"

आबा थांबले. त्यांनी आपल्या हातांकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग माडीकडं, जणू तिथं आणखी एखादा असेल. हरणी उठून रस्त्यापर्यंत गेली, रस्ता हुंगला आणि परत येऊन त्यांच्या पायाशी बसली.

"त्याला वाटीतनं पिता येत न्हाय अजून," आबा म्हणाले.

हरणीनं कान टवकारले.

"बोट लागतं. त्यांना म्हाईत न्हाय ते. उपाशी ऱ्हाईल ते पोर." त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "मास्तर, इंदापूरला आता गाडी कितीला हाय?"

काकूंनी पिशवी आधीच भरली होती.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद राहिली. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर आबा आत होते. पट्टा चालू होता, जात्यात दाणे नव्हते. मी पोत्यावर बसलो. मग ते सांगायला लागले.

"पोचलो तवा अंगणात हुता. मला बघून शेपूट हलवली. न्हाय असं न्हाय."

"मग? दूध पीत होता का?"

"मी बोट धुऊन घेतलं. म्हनलं, भुकेलं असंल. तवर इंदापूर आलं. मला म्हनलं, बसा आबासाहेब, दमला असाल. आन् आपलंच बोट बुडवलं दुधात." आबांनी बटण दाबून पट्टा थांबवला. गिरणीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. "चोखत हुता, मास्तर. डोळं मिटून. माझ्याकडं एकदा बघितलं आन् परत चोखाया लागला."

"भूक लागली असेल, आबा."

"मीबी तेच म्हनलं. म्हनून मुक्काम केला. सकाळी वाटीतनं पीत हुता. त्यांच्या वाटीतनं."

त्यांनी कोपऱ्यातला झाडू घेतला, जात्याभोवतीचं पीठ झाडलं, ढीग केला, ढीग पुन्हा मोडला. भुवई हळूहळू वर चढली आणि गालावरून पांढरी धार उतरली. त्यांनी ती पुसली नाही.

"आता आपली खात्री पटली," आबा म्हणाले. "ते पिल्लू अस्सल न्हाय."